तळ्याची ओटी

जो माणूस पाणी अडवतो, तो काळ अडवतो. हे वाक्य आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, निरोप समारंभात एका मोठ्या साहेबांनी उच्चारलं आणि हॉलमध्ये बराच वेळ टाळ्या वाजल्या. आण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होत होते आणि टाळ्या वाजत असताना शाल व नारळ मांडीवर सांभाळत बसले होते. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "काळाचं काय म्हाईत न्हाई. पाणी मात्र गळतंय."

नोकरीभर त्यांनी जिल्ह्यातली धरणं, कालवे आणि पाट बघितले. घरात मात्र नळ गळू लागला की प्लंबरला आईच बोलावून आणायची. त्यात आमच्या घराचं काही वेगळेपण नव्हतं. त्या पिढीतले नवरे तसेच. आईनं त्यांच्याकडे कधी काही मागितल्याचंही मला आठवत नाही. मागितलं ते एकदाच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, अर्धांगानं तिची उजवी बाजू गेल्यावर.

दवाखान्यातून घरी आणल्यावर तिची खुर्ची मागच्या पडवीत ठेवली होती. तिथून कंपाउंडची भिंत, धुण्याचा दगड आणि कढीपत्त्याचं झाड एवढंच दिसायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो. आण्णांनाही त्यांनी तसंच बाजूला घेऊन सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नाही.

आईचं माहेर राधानगरीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. गावच्या देवळाखाली डोह होता आणि त्यातले मासे देवाचे. त्यांना कुणी मारायचं नाही. पोरींनी डब्यातला उरलेला भात टाकायचा. एके दिवशी भिंतीकडे बघत ती जड जिभेनं म्हणाली, "हितं मासं असतं तर बरं झालं असतं." पावसाबद्दल बोलावं तशी ती बोलली. आण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आलेख कागद घेऊन आले.

तळं आठ फूट बाय पाच फूट, खोली अडीच फूट. नकाशा, सेक्शन, पाण्याचं एकूण माप लिटरमध्ये, सगळं पेन्सिलीनं, खात्याच्या अक्षरात. कोपऱ्यात सांडवासुद्धा दाखवला होता. मी विचारलं, ह्याला महापूर कुठून येणार? "पाऊस काय तुला इचारून पडतोय?" ते म्हणाले. जागा ठरवायची तेव्हा आईला आत झोपवून ते स्वतः तिच्या खुर्चीत बसले, तिच्यासारखी मान एका बाजूला कलती ठेवली आणि नजर जिथं पडेल तिथं मला खुंटी ठोकायला लावली. मी तीन वेळा खुंटी हलवली. धरणाची जागासुद्धा इतक्या निगुतीनं निवडत नसावेत, असं मी तेव्हा म्हणालो. आज ते बोलणं मला आवडत नाही.

गवंडी मुरगूडकडचा होता. त्याचा एकच प्रश्न होता आणि तो त्यानं काम संपेपर्यंत सोडला नाही: "सायेब, खायाचं न्हाईत तर मासं कशाला?" आईला त्याचं बोलणं आवडायचं. तोंडाची एकच बाजू उचलून ती हसायची.

बांधून झालं आणि खरी वाट बघणं सुरू झालं. आण्णांनी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ गिलाव्यावर पाणी मारलं. मग तळं भरलं, त्यात केळीचे बुंधे कापून टाकले, कारण नव्या सिमेंटचा चुना त्यानं मरतो. पाणी काळपट झालं की उपसायचं आणि पुन्हा बुंधे, पुन्हा पाणी. असं तीनदा. आई रोज विचारायची, "आलं का मासं?" मी चिडून म्हणालो, एक प्लास्टिकचा टब आणू, त्यात आजच सोडू. तिच्याकडे किती दिवस आहेत हे मला म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. आण्णा बुंध्याचे तुकडे करत होते. "सिमेंट जहाल असतंय," ते म्हणाले. "घाई केली की मरत्यात." कोयता हातात तसाच धरून ते क्षणभर थांबले. दिवसांचा हिशेब त्यांनीही केलेला होता.

शेवटी मासे आले. स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेले सात सोनेरी मासे, त्यातल्या एकाची शेपटी काळी. आई डाव्या हातानं भात टाकायची. निम्मा तिच्याच मांडीवर पडायचा. काळ्या शेपटीचा सगळ्यात आधी वर यायचा. "ह्यो आमच्या डोहातला," ती म्हणाली. दोन दिवस ती खुर्चीतून हलायला तयार नव्हती आणि आण्णा तिच्या शेजारी स्टुलावर बसून होते. त्या दोघांना एकाच गोष्टीकडे बघत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, तळ्याची ओटी भरायची.

आण्णांना जलपूजनाचा मनस्वी कंटाळा होता. धरण भरलं की पुढारी येत, भिंतीवरून पाण्यात साडी-चोळी, नारळ सोडत, फोटो निघत. दुसऱ्या दिवशी दरवाज्यात अडकलेल्या साड्या काढायचं काम ओव्हरसियरचं. या साड्यांवर आण्णांनी आम्हाला आयुष्यभर हसवलं होतं. आईसुद्धा हसली होती. पण तिच्या माहेरी नव्या पाण्याची ओटी भरायचे, आणि हे पाणी नवं होतं.

"नारळ ठिवूया काठावर," आण्णा म्हणाले. "दूध नको."

"दुधाबिगर कसली ओटी?"

गल्लीतल्या पाच सवाष्णी आल्या. ओटीला रिकाम्या हातानं कुणी येत नाही, तेव्हा प्रत्येकीनं आपापल्या घरचं दूध तांब्याभरून आणलं, शिवाय हळदकुंकू. नदीत हे सगळं चाललं असतं. नदी पुढं घेऊन जाते. आमच्या तळ्याला पुढं म्हणजे धुण्याचा दगड. त्यात पाणी किती मावतं हे आण्णांना लिटरमध्ये माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बायकांसाठी सतरंजी अंथरायला लागलो.

आईला उजव्याच हातानं ओतायचं होतं. तो हात उचलेना. मग आण्णांनी तिच्या हाताखाली आपला हात धरला आणि दोघांनी मिळून तांब्या कलता केला. मागून बाकीच्यांनी. पाणी दुधट, मग कुंकवानं गुलाबी झालं. एकीनं कॅमेरा आणला होता. त्या फोटोत दोन हात, तांब्या आणि आईचा चेहरा स्वच्छ दिसतो. मासे दिसत नाहीत.

बायका गेल्यावर मी बादली आणली. आई काठाला खुर्ची लावून बसली होती, दिवेलागण होईपर्यंत उठली नाही. "तिच्या म्होरं ओटीचं पाणी उपसायचं व्हय?" आण्णा हळूच म्हणाले. "सकाळी काढू."

सकाळी सातही पांढरं पोट वर करून तरंगत होते. दुधानं पाणी नासलं होतं. आण्णांनी ते ओंजळीनं एकेक काढले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. तळं उपसलं, घासलं, शेजारच्यांच्या बोअरचं पाणी भरलं. आईला सांगितलं, पडवीत फरशी धुतोय, जरा आत थांब. मासेवाल्याचं दुकान उघडायच्या आधीच मी त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. सहा मासे हुबेहूब मिळाले. काळ्या शेपटीचा नव्हता. दुकानदारानं टाकी ढवळून दाखवली, नव्हताच.

दुपारी आईला बाहेर आणलं. तिनं भात टाकला, बराच वेळ बघितलं.

"काळ्या शेपटीचा कुठं हाय?"

"तळाला असंल," आण्णा म्हणाले. "ऊन हाय न्हवं."

"व्हय. असंल."

त्यानंतर ती रोज विचारायची आणि आण्णा रोज सांगायचे: आत्ताच वर आलता की, तुझं लक्ष न्हवतं. ज्या माणसानं खात्यात मोजमापाच्या वहीत एक इंच खोटा लिहिला नाही, तो रोज एक मासा पाण्यावर आणायचा आणि परत बुडवायचा. मला वाटायचं, तिचं डोकं आता चालत नाही, बरंच आहे.

मग एकदा आण्णा औषधं आणायला गेले असताना तिनं मला जवळ बोलावलं. "मीच मारलं न्हवं त्यास्नी? दुधानं?" मी तिच्या मांडीवरची शितं गोळा करू लागलो. "कढीपत्त्याखाली उकरल्यालं दिसतंय हितनं," ती म्हणाली. त्या खुर्चीतून काय दिसेल, हे आण्णांनी फार काळजीपूर्वक ठरवलं होतं. "त्यास्नी सांगू नगंस. मला कळलं न्हाई असं वाटतंय त्यास्नी. वाटू दे."

मी विचारलं, मग रोज विचारतेस कशाला?

"न्हाई इचारलं तर त्यास्नी कळंल की."

दुसरा झटका दिवाळीच्या सुमारास आला. ती त्यातून उठली नाही.

दहाव्याचं आटपून नदीवरून परत आलो तेव्हा आण्णा तिच्या खुर्चीत बसले होते, मान तशीच कलती ठेवून. माझी चाहूल लागल्यावर ते म्हणाले, "तिला कळलं नसंल न्हवं?"

"नाही, आण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग भाताची वाटी उचलली. मी जे बोललो ते त्यांना पटलं, की पटल्याचं त्यांनी मला दाखवलं, हे मी पुढं कधी विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याची रीत पडून गेली होती.

पुढच्या काही वर्षांत खंड्या पक्ष्यानं मासे एकेक करून नेले. आण्णाही गेले. पाणी हिरवं झालं. पावसाळ्यात सांडव्यातून ते बाहेर जातं. सांडवा बरोबर काढला होता.

मग शहरात डेंग्यूची साथ आली आणि महापालिकेचा एक माणूस कॅन घेऊन मागच्या दारानं आत आला.

"पावणं, तळं कशाला ठेवलंय हे?"

माझ्याच परसात मी पाहुणा होतो, पण ते बरोबरच वाटलं. मी म्हणालो, असंच. त्यानं न विचारता मगभर पाणी तळ्यात ओतलं. त्यात गप्पी मासे होते, करड्या रंगाचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. भिंतीवर खडूनं तारीख घातली आणि निघाला. मी विचारलं, ह्यांना काय घालावं लागतं?

"काय न्हाई," तो म्हणाला. "डासांच्या अळ्या खात्यात."

ते अजून आहेत.