समुद्राकडचं स्थळ

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे आधी ऐका. आणि ऐकून झाल्यावर बाहेर सांगत फिरू नका. आमच्या गावाला माहीत आहेच, निदान शेजारच्या गावांना तरी कळायला नको!

थापा मी आयुष्यात पुष्कळ मारल्या. पाटलांच्या विहिरीत मगर मीच सोडली. पाणबुडी मोटारीत अंडी घालणारा नाग मीच पाहिला. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, कारण कुणाचा विश्वासच बसला नाही. पण एकदा मी थाप मारली आणि समोरच्यानं ती चक्क खरी धरली. तिथंच सगळा घोटाळा झाला.

कळंबच्या रस्त्याला माझं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की जुनी तार काढायची, नवी भरायची. दुकानामागं गुरुजींचं घर. त्यांची मुलगी प्रज्ञा बारामतीला कॉलेजात एम. एस्सी. झाली आणि एक दिवस येऊन म्हणाली, "काका, मी फेलोशिपला अर्ज केलाय. किनारी संसाधन व्यवस्थापनाच्या."

"कसला किनारा? आपल्याकडं नीरेचा हाय की!"

"समुद्राचा हो. कोकणात दोन वर्षं एका कोळीवाड्यात राहायचं. मासे, खाडी, तिथलं कांदळवन आणि त्यावर जगणारी माणसं. सगळं वापरायचं, पण संपवायचं नाही. ते कसं, त्याचा अभ्यास."

"आणि फी किती?"

"फी नाही. उलट दर महिन्याला तेच पैसे देणार."

मला पहिला संशय तिथंच आला. शिकणाऱ्यालाच पैसे देणारी संस्था? पण मी बोललो नाही, कारण पोरगी खरंच जिद्दीची. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पळसदेवच्या बाजूला मासेमारी चालते ना, तिथं दोन वर्षं पहाटेची एसटी धरून जात होती. कुठला मासा कमी झाला, कुणाच्या जाळ्याचे डोळे किती बारीक, सगळं वहीत. ही फेलोशिप मिळाली नाही तर पुढं काय, तेही ठरलेलं होतं. गुरुजींच्या फलटणच्या बहिणीनं एक स्थळ लावून धरलेलं. गुरुजी माणूस लाखाचा, पण बहिणीपुढं तोंड उघडायचे ते फक्त चहा प्यायला.

"काका," प्रज्ञा म्हणाली, "आत्याचं स्थळ चौकशीला येणार म्हणतात. गावात शिरताना पहिलं दुकान तुमचं. माझा निकाल लागेपर्यंत त्यांना थोपवा."

"किती थोपवू?"

"परत येणार नाहीत इतकं."

आता हे काम मला सांगायचं म्हणजे म्हाताऱ्या पैलवानाला पुन्हा आखाड्यात उतरवायचं! त्यानंतरही ती दोन-तीनदा दुकानात येऊन काहीतरी सांगून गेली. पण तारेचे वेढे मोजताना मला ऐकू येत नाही. एक वेढा चुकला तर मोटार जळते. मी मान हलवत राहिलो.

तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत आहे ना? मुलीची चौकशी करायला येणारा माणूस खरं कारण कधी सांगत नाही. कुणी विम्याचा एजंट होतो, कुणी बोअर घेणारा. मी स्वतः पुतण्यासाठी जळोचीला गेलो होतो, गाय घ्यायची म्हणून. गायीचे दात बघत बघत मुलीच्या भावाचं व्यसन, बापाची भाऊबंदकी, सगळं काढून घेतलं. सोयरीक जमली नाही, पण टेंपोत घालून गाय मात्र आणावी लागली. असा अनुभवी माणूस मी. मला कोण फसवणार?

एका सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. पाटी रत्नागिरीची.

मी मनात म्हटलं, वा रे फलटणकर! ओळख लागू नये म्हणून थेट रत्नागिरीची गाडी भाड्यानं आणली!

गाडीतून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. मागं तिशीतला दाढीवाला तरुण, खांद्याला पिशवी. मी लगेच ताडलं. आई आणि नवरामुलगा.

"बबनराव आपणच ना?" बाई म्हणाल्या. "आम्ही फेलोशिपसाठी आलोय. प्रज्ञाबद्दल थोडं विचारायचं होतं."

मी हातातली तारच खाली ठेवली. फेलोशिप! म्हणजे फलटणपर्यंत बातमी पोचली, आणि तिचाच मुखवटा चढवून आले! विमा नाही, गाय नाही, फेलोशिप! मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

"बसा की," मी म्हणालो. "माझं नाव कुणी सांगितलं?"

"तिनंच अर्जात दिलंय." तरुणानं गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं. असली ओळखपत्रं बारामतीत झेरॉक्सवाला दोन मिनिटांत करून देतो, वर दोरी फुकट.

"स्वभाव कसा आहे हो मुलीचा?" बाईंनी सुरुवात केली.

बघा! समुद्राच्या अभ्यासाला स्वभाव कशाला लागतो?

"स्वभावाचं काय विचारता बाई! भांडकुदळ. तिकडं पळसदेवला माशाच्या व्यापाऱ्याचा वजनाचा काटा उचलून पाण्यात फेकला तिनं."

"अरे बापरे. का?"

"मापात मारत हुता म्हणून. पोलीस आलं, तर पोलिसांनाच कायदा वाचून दावला."

मला वाटलं, बाई आता पदर सावरून उठतील. तर त्या तरुणाकडं बघून हसल्या! आणि तो भराभरा लिहू लागला.

"घरापासून लांब राहू शकेल?"

"घरात असतीय कुठं? उजाडायच्या आत होडीत. माघारी येते तेव्हा अंगाला असा वास की एसटीत शेजारी कुणी बसत न्हाय. कंडक्टर तिकीट लांबूनच फेकतो!"

"छान," बाई म्हणाल्या.

छान? मी आणखी जोर लावला. "सैपाक येत न्हाय बरं का. चहा केला तर कुत्रंसुद्धा..."

"चालेल हो, तिथं मेस आहे," तरुण म्हणाला.

सासरी मेस! मंडळी, इथं माझा संशय भलत्याच दिशेला धावला. इतकं ऐकूनही मुलगी पसंत? म्हणजे खोट मुलातच असणार. मीच उलटतपासणी सुरू केली.

"तुमचं लगीन व्हायचंय अजून?" मी तरुणाला विचारलं.

"माझं? झालंय की. मुलगी आहे दीड वर्षाची."

मग नवरा कोण? मी वाकून गाडीत पाहिलं. ड्रायव्हर तोंड उघडं टाकून झोपला होता. अर्धे दात नव्हते.

हा? हा! आमच्या प्रज्ञाला!

"पोहता येतं का तिला?" बाईंनी विचारलं.

मी त्यांना बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. मुलगी बघायला येऊन पोहता येतं का विचारणारं घराणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सून विहिरीत टाकायचा बेत आहे की काय यांचा?

"येतंय. चांगलंच येतंय," मी दरडावूनच सांगितलं.

मग बाई जरा गंभीर झाल्या. "खरं सांगू का, मागच्या वेळी एक मुलगी आली होती. फार हुशार. पण चार महिन्यांत निघून गेली. तिची जागा तशीच रिकामी राहिली. म्हणून या वेळी आम्ही गावोगाव फिरून विचारतोय."

पहिली सून पळालेली! आता सगळा उलगडा झाला. आणि यांची दुखरी नस कुठली, तेही मला कळलं. मी खुर्ची पुढं ओढली, आवाज खाली घेतला.

"बाई, तुमी भल्या दिसता म्हणून सांगतो. न्याल हौसेनं, पण पोरगी टिकायची न्हाय. हातात घेतलेलं एक काम तिनं आजवर पुरं केलं न्हाय. पंधरा दिवसांत पिशवी भरून माघारी येईल."

तरुणाचं पेन थांबलं.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"ह्या डोळ्यांनी! लहानपणापासून बघतोय."

बाईंनी त्याच्या हातातली वही मिटली. "मोकळेपणानं सांगितलंत, आभारी आहे. कॉलेजच्या मॅडमना भेटायला बारामतीला जातो आता." गाडी गेली आणि मी मिशीवरून हात फिरवला. स्थळ असं मोडावं!

अर्ध्या तासानं प्रज्ञा स्कूटीवरून आली, धापा टाकत. "काका, ते फेलोशिपवाले आले होते ना? काय म्हणाले?"

"फेलोशिपवाले कसले? फलटणवाले! असं पळवून लावलंय..."

"फलटणवाल्यांना आत्यानं कालच पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलंय. हे रत्नागिरीहून आले होते. मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? नात्याबाहेरच्या एका माणसाचं नाव लागतं, तुमचं दिलंय म्हणून? तुम्ही मान हलवलीत!"

मी वेढे मोजत होतो हो!

मी काय काय बोललो ते सांगितलं. काट्याचं ऐकून ती हसली. वासाचं ऐकूनही हसली. मग मी ते 'टिकायची न्हाय' सांगितलं, आणि ती तिथंच एका मोटारीच्या रिकाम्या बॉडीवर बसली.

"त्यांना तेवढंच एक जाणून घ्यायचं होतं, काका," ती हळू म्हणाली. "दोन वर्षं एकही एसटी चुकवली नाही मी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मोटारसायकलला किक मारली.

बारामतीत कॉलेजच्या कँटीनमध्ये दोघं डोसा खात होते. मी समोर उभा राहून एका दमात बोललो, "मघाशी सांगितलं ते समदं खोटं हाय. पोरगी सोन्यासारखी हाय. मला वाटलं, तुमी मुलगी बघायला आलाय."

बाईंनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांच्याकडं सकाळी पाहत होतो.

"मधल्या वेळात तुम्हाला कोण भेटलं?"

"प्रज्ञा."

"अस्सं." त्यांनी तरुणाकडं पाहिलं. "म्हणजे तिनं सांगितलं म्हणून तुम्ही शब्द फिरवताय."

"न्हाय हो! मी खोटं बोललो हुतो!"

"मघाशी 'ह्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणालात."

"तेच खोटं!"

"मग आत्ताचं खरं कशावरून?"

आयुष्यभर मी लोकांना कोड्यात पाडलं, आणि आज दोन डोशांच्या मध्ये मीच अडकलो. "लिहून देतो मी खोटारडा हाय म्हणून," मी म्हणालो.

"खोटारड्यानं लिहून दिलेलं आम्ही कसं धरायचं?" दाढीवाला म्हणाला. हुशार होता लेकाचा. "कुणी जबाबदार माणसानं सांगितलं तर गोष्ट वेगळी. संध्याकाळपर्यंत आम्ही बारामतीतच आहोत."

आलो तसाच परत फिरलो, थेट ग्रामपंचायतीत. सरपंच आबा आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, दोघंही सापडले. मी दरवाजातूनच म्हणालो, "आबा, मला दाखला पायजे."

"रहिवासी?"

"मी खोटं बोलतो असा."

आबांनी चष्मा काढला. "बबन, हीबी थापच का?"

सगळी हकिकत सांगितली. दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग आबा एकदम गंभीर झाले. "पोरीचं नुकसान व्हता कामा न्हाय. भाऊसाहेब, काढा लेटरहेड. प्रज्ञाचं आमी लिवू, ती कशी हाय ते. आन् ह्याचंबी लिवू."

"दोन साक्षीदार लागतील," भाऊसाहेब म्हणाले.

मला वाटलं, इथं तरी कुणी माझी बाजू घेईल, भिडेखातर मागं सरेल. अहो, पाच मिनिटांत चौदा जण जमले! रांग लागली! ज्यांच्या विहिरीत मी मगर सोडली ते पाटीलही रांगेत. न्हावी दुकान उघडं टाकून आला. पहिली सही कुणाची, विचारा. आमच्या मंडळींची! सही करायला ती पंधरा वर्षांनी पंचायतीत आली होती.

"अगं, तू तरी..." मी म्हणालो.

"पोरीचा प्रश्न हाय," ती म्हणाली, "आन् तसंबी खोटं कुठं लिवलंय?"

दाखला तयार झाला. 'दाखला देण्यात येतो की, सदर इसम यांचे बोलणे विश्वासार्ह नसल्याचे ग्रामस्थांच्या माहितीप्रमाणे खरे आहे.' खाली गोल शिक्का. कारणाच्या रकान्यात भाऊसाहेबांनी लिहिलं, 'शैक्षणिक कामासाठी.'

तो कागद घेऊन मी पुन्हा बारामती गाठली. बाईंनी तो दोनदा वाचला. चौदा सह्यांवरून बोट फिरवलं. आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या मोठ्यानं हसल्या. "बबनराव, इतकी एकमुखी शिफारस आमच्याकडं आजवर आलेली नाही."

प्रज्ञाची निवड झाली. गुरुजींनी पेढे वाटले आणि कधी नव्हे ते बहिणीला फोनवर चढ्या आवाजात सांगितलं, "मुलगी दोन वर्षं कोकणात आहे." पोरगी आता तिकडं खाडीत कोळ्यांबरोबर वल्हं मारते, आणि अजून तरी पिशवी भरून माघारी आलेली नाही.

राहिलो मी. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी पंचायतीत गेलो. म्हटलं, "भाऊसाहेब, काम तर झालं. आता तेवढा माझा दाखला रद्द करा. गिऱ्हाईक मोटारीचं बिल ऐकलं की पंचायतीच्या शिक्क्याची आठवण करून देतंय."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, चष्मा सावरला, नोंद वाचली.

"रद्द व्हायचा न्हाय, बबनराव. रहिवासी दाखला सहा महिने चालतो, उत्पन्नाचा वर्षभर. तुमच्या ह्या दाखल्याला आम्ही मुदतच घातलेली न्हाय."