टीव्हीवर मरणारा माझा मुलगा

माझा मुलगा टीव्हीवर पहिल्यांदा मेला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. आठ वाजता टीव्ही लाव, मी आहे, एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. मी लाटणं हातात धरूनच बाहेरच्या खोलीत आले. एका गोदामात दोन पोलीस धावत होते. खोक्यांच्या मागून एक दाढीवाला उठला, तो माझा मुलगा. त्याने बंदूक उचलली, त्याला दोन गोळ्या लागल्या आणि तो उताणा पडला. एक शब्द बोलला नाही. पोलिसांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली आणि टायरची जाहिरात लागली.

पोळी तव्यावर जळून काळी झाली होती.

आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहतो. आमचं लग्न झालं तेव्हा मी चौथी शिकलेली आणि हे इंजिनियर होऊ घातलेले. हे इथे आले, मागून मी आले आणि मुलगा इथेच झाला. तो कॉलेज सोडून नाटक शिकायला न्यूयॉर्कला गेला तेव्हा हे त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. पुढे तो टीव्हीवर दिसायला लागला, तरी त्याची वेळ झाली की हे खाली तळघरात जाऊन काहीतरी ठोकत बसायचे. वर मी एकटी.

सुरुवातीला तो किराणा दुकानदार असायचा, नाहीतर टॅक्सीवाला. एकदा डॉक्टर झाला होता. पांढऱ्या कोटात येऊन, 'त्या आता बऱ्या आहेत,' एवढंच म्हणाला आणि गेला. तो डॉक्टर मला फार आवडला होता. मग ते दोन मनोरे पडले आणि डॉक्टर संपले. त्यानंतर त्याला एकच काम मिळायचं. दाढी वाढवायची, कुणालातरी मारायला निघायचं आणि मरायचं. त्याला गोळ्या घातल्या, गाडीखाली घातलं, छपरावरून ढकललं. तो मेला की कार्यक्रमातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे. मीही टाकायचे, कारण त्याचं त्या दिवसाचं मरण उरकलेलं असायचं.

मराठी मंडळात बायका हौसेने विचारायच्या, "काकू, काल तुमच्या मुलाला हेलिकॉप्टरमधून फेकलं ना? काय सीन होता."

मी हसायचे. दुसरं काय करणार? मला चारचौघांत बोलता येत नाही. मी आपली भाताच्या पातेल्याशी उभी असायचे. पण तुमचा मुलगा बँकेत आहे, त्याला कुणी हेलिकॉप्टरमधून फेकल्यावर मी येऊन विचारू का, असं मनात यायचं.

माझ्या माहेरी डब्यातले तांदूळ संपले तर संपले म्हणत नसत, वाढले म्हणत. बांगडी फुटली तरी वाढली. दिवा विझला म्हणायचं नाही, शांत झाला म्हणायचं. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात अभद्र बोलायचं नाही, ही आईची शिकवण. मी मुलाला कितीही रागावले तरी कधी 'मेल्या' म्हटलं नाही. आणि त्याच मुलाला माझ्या बाहेरच्या खोलीत, माझ्या देव्हाऱ्यापासून दहा पावलांवर, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मारत होतं.

एक दिवस त्याचा दुपारी फोन आला. आवाज इतका आनंदी होता की मला वाटलं लग्न ठरलं.

"आई, मोठा रोल आहे. पूर्ण सीझन. मी शेवटच्या एपिसोडपर्यंत जिवंत असतो."

"कोण आहेस तू त्यात?"

"टेररिस्ट. पण मेन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई, लिसन. मला चार लाइन्स पाहिजेत. मराठीत."

"तो मराठी आहे?"

"नाही गं. कुठला आहे ते सांगतच नाहीत. डिरेक्टर म्हणाला, तुझ्या घरी बोलतात ते बोल, आम्ही खाली इंग्लिश लिहितो. कुणालाच कळत नाही."

"कुणालाच म्हणजे?"

"लोकांना, आई."

मग त्याने त्या चार ओळी इंग्रजीतून वाचून दाखवल्या. उद्या तुम्ही सगळे मराल, तुमची मुलं मरतील, असं काहीतरी होतं.

"हे मी घरात बोलणार नाही," मी म्हटलं.

"तू नाही, मी बोलणार. तू फक्त सांग."

"सांगायचं म्हणजे बोलायचंच की."

"प्लीज यार, आई. माझं मराठी लहान मुलासारखं आहे. मी म्हटलं तर ते क्यूट वाटतं. मी काय क्यूट टेररिस्ट होऊ?"

मला त्याची कीव आली आणि त्या डिरेक्टरचा संताप आला. माझ्या घरात जे बोलतात ते तुला पाहिजे ना? मग घे.

"लिही," मी म्हटलं. "हात धुऊन ये. पान वाढलंय. वरण गार होतंय. मी परत हाक मारणार नाही."

तो खूप हसला. मग हसायचा थांबला आणि तेच शब्द दबक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला.

"हे चालेल, आई," तो म्हणाला. "हे मला पाठच आहे."

तो भाग लागला तेव्हा मी सोफ्याच्या कडेवर बसून पाहिला. खुर्चीला बांधलेला एक गोरा माणूस होता. माझ्या मुलाने त्याचे केस धरून मान मागे ओढली आणि त्याच्या कानाशी सांगितलं, वरण गार होतंय. तो माणूस थरथर कापला. खालची इंग्रजी अक्षरं मी लावेपर्यंत निघून गेली. मला हसू आलं नाही. लहानपणी तो खेळ सोडून येत नसे, तेव्हा मी मागच्या दारातून याच शब्दांनी ओरडायचे.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी तो तुकडा कॉम्प्युटरवर टाकला आणि खाली खरा अर्थ लिहिला. इथल्या सगळ्या मराठी घरांत तो फिरला. मंडळाच्या कार्यक्रमात पुण्याहून नोकरीला आलेला एक तरुण ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "मावशी, हात धुतलेत हं. मारू नका." रांगेतले सगळे हसले. तेवढं मी सोसलं, कारण ते गमतीतलं होतं. पण त्याच्या पाठीमागे अध्यक्षांच्या बायको कुणाला तरी सांगत होत्या, "आपल्या भाषेची पार शोभा केली हो याने."

माझ्या हातातला डाव थांबला. पाच वर्षं हा मुलगा बॉम्ब घेऊन फिरतोय, कुत्र्यासारखा मरतोय, तेव्हा कुणाची शोभा झाली नाही. जेवायला ये म्हणाला तेव्हा झाली. हे मी तिथे बोलायला हवं होतं. मी त्यांच्या ताटात भात वाढला.

कार्यक्रम करणाऱ्यांपर्यंतही तो तुकडा पोचला. डिरेक्टरने मुलाला बोलावून विचारलं, आमची चेष्टा करतोस का? मुलाने माझं नाव घेतलं नाही. मीच लिहिलं म्हणाला. पुढच्या भागात तो दिसलाच नाही. एक ऑफिसर कॉफी पिता पिता दुसऱ्याला म्हणाला की तो काल नदीत सापडला. बस. पूर्ण सीझन जगणारा माणूस एका कपात संपवला.

मी फोन केला. "माझ्यामुळे झालं," म्हटलं.

"इट्स ओके, आई. मला माहीत होतं ना मी काय बोलतोय."

पण ओके नव्हतं. वर्षभर त्याला कुणी बोलावलं नाही. तो फर्निचरच्या दुकानात सोफे दाखवायचा आणि मला सांगायचा की सध्या आराम करतोय. ह्यांना कळलं तेव्हा हे म्हणाले, "तुला काय गरज होती मध्ये पडायची?"

"तुम्ही बघितलं होतं का?" मी विचारलं.

हे तळघरात निघून गेले. अपराधी मला वाटत होतंच. त्याचं काम माझ्या चार ओळींनी गेलं, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मनात पहिला येतो तो रागच. त्या टीव्हीवाल्यांना आमची भाषा नको होती, नुसता आवाज हवा होता, भुंकल्यासारखा. आम्ही त्यात अर्थ घातला, तर तो गुन्हा ठरला.

नंतर त्याला एक सिनेमा मिळाला, टीव्हीसाठी केलेला. काम तेच. या वेळी त्याने मला काही विचारलं नाही. त्या लोकांनी त्या पात्राची खरी भाषा शिकवायला मास्तर ठेवला होता आणि हा महिनाभर त्याच्याकडे शिकला. शेवटी त्याचं लांबलचक बोलणं होतं. मला एक अक्षर कळलं नाही. त्या दिवशी हे तळघरात गेले नाहीत, दाराशी उभे राहिले. मुलगा बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसला. शर्ट रक्ताने भिजला होता. तो हळूहळू मेला. लहानपणी ताप चढला की त्याचे डोळे व्हायचे तसे झाले होते. इतकं खरं त्याने याआधी कधीच केलं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि ते कळत होतं म्हणून मी आणखी चिडले होते. हे पुढे येऊन माझ्याशेजारी बसले.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"पाहिलंस, आई? कसा झालो?"

"लाइट गेली होती," मी म्हटलं.

न्यू जर्सीत अशी लाइट जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"ओके," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत दाखवतील. ते पुन्हा पुन्हा दाखवतात, आई."

"तेव्हाही जाईल," मी म्हटलं.