रोममध्ये दादा भेटला तो रविवार

दादा गेला त्या दिवशी कासुर्डी फाट्यावर जीप उभी होती आणि अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं. त्याच्या गळ्यात इतके हार होते की आईला त्याच्या गालावरून हात फिरवायला जागा सापडेना. आमच्या धनगरवस्तीवरून विमानात बसणारा तो पहिलाच. आबा, म्हणजे आमचे वडील, जीपचं दार धरून उभे होते. एवढंच म्हणाले, "बिरू, आता माघारी बघू नगं. मेंढरांमागची वणवण माझ्यापाशी संपली."

दादाने माघारी बघितलं नाही. जीप पुण्याच्या दिशेने गेली, धूळ खाली बसली, आणि आई हळूच म्हणाली, "येकदा तरी बघायचं की रं."

त्यानंतर काय झालं ते मी तुम्हा घरच्यांना अर्धंच सांगितलं आहे. आज सगळं लिहिते.

आम्हा दोघांच्या शिक्षणासाठी आबांनी मेंढरं विकली होती. विहिरीला पाणी लागलं, चार एकर भिजायला लागलं, तेव्हा आबांनी एका सकाळी सगळा कळप दुसऱ्याच्या हवाली केला. दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता, मी सात. दादाचं दहावीनंतर अभ्यासात मन लागलं नाही. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे त्याने चार वर्षं काढली. मग मुंबईचा एक एजंट भेटला. इटलीत, रोमला हॉटेलात काम, राहायला खोली, दोन वर्षांनी कायमचे कागद. पहिलं वर्षभर दादाचे फोन आले. मग सणावारी आले. मग दोन वर्षं काहीच नाही.

तोवर मी पुण्यात इंजिनिअर झाले होते आणि कंपनीने मला जर्मनीला प्रोजेक्टवर पाठवलं होतं. घरी फोन केला की आई माझं काहीच विचारायची नाही. "तू तिकडंच हायेस न्हवं? मग बघ की जरा." जणू रोम म्हणजे वरवंड आणि मी शेजारच्या केडगावात राहत होते.

जर्मनीत ईस्टरला शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सगळं बंद असतं. ऑफिसातली माणसं डोंगरात, समुद्रावर गेली. मी रोमला गेले. हातात दादाचा पासपोर्ट साइजचा फोटो आणि आबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेला, त्याने शेवटचा फोन केला तो नंबर. तो नंबर स्टेशनजवळच्या एका फोनच्या दुकानाचा निघाला.

रोम जगभरच्या भाविकांनी भरून गेलं होतं. नन्स, शाळेच्या सहली, गळ्यात क्रॉस घातलेले म्हातारे. मी त्या गर्दीच्या उलट चालत होते. दुकानदार बांगलादेशी होता. फोटो बघून म्हणाला, "शनिवार को आओ. काम वाले लोग शनिवार को घर फोन करते हैं." शनिवारी मी दुकान उघडल्यापासून दारात उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला फोटो दाखवत होते. कुणी मान हलवायचं, कुणी बघायचंही नाही. एकाने मला हळूच विचारलं, पोलिसांकडून आलीस का? दुपार गेली. पाय सुजले. माझ्या मनात नको ते यायला लागलं. इतक्या लोकांपैकी एकानेही त्याला बघितलेलं नसेल, तर तो आहे का तरी?

दुकान बंद व्हायच्या सुमारास एक सरदारजी आला. त्याने फोटो चष्म्याजवळ नेला. "बहनजी, ये तो भेड़ों वाला है."

मी म्हटलं, तो हॉटेलात काम करतो.

"ना जी. भेड़ें चराता है. मेरे पास की डेअरी में."

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी सकाळी, त्याने मला त्याच्या गाडीतून तिकडे नेलं. शहरभर चर्चच्या घंटा वाजत होत्या. शहर संपल्यावर हिरवी कुरणं लागली, आणि एका उतारावर चारपाचशे मेंढरं. मधे रबरी बुटातला एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मी गाडीतून उतरले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग धावत आला, आणि माझ्यापासून चार हातांवर थांबला.

"लक्षे," तो म्हणाला, "आबा गेलं का?"

दुसऱ्या कुठल्या कारणासाठी कुणी आपल्याला शोधत येईल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

आबा बरे आहेत म्हटल्यावर तो मटकन खाली गवतात बसला आणि रडला. दादाला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्याचे केस मागून पांढरे झाले होते. तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

त्याची खोली मेंढ्यांचं दूध काढायच्या शेडला लागून होती. पत्र्याची. एक खाट, एक गॅस. एजंटने रोमला उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला होता आणि तो परत दिसलाच नाही. हॉटेल कुठेच नव्हतं. दोन वर्षं मिळेल ते काम, मग एकाने विचारलं, मेंढरं सांभाळता येतील का. "आन् मला दुसरं येतंय तरी काय?" तो म्हणाला.

बाहेर मेंढ्या एकसारख्या ओरडत होत्या. मी विचारलं, ह्यांना काय झालंय?

"सणाला कवळी कोकरं खात्यात हितं. बुधवारी ट्रक भरून नेली. तवापास्नं ह्या पोरं शोधत्यात." मग म्हणाला, "निम्मी माज्या हातानं जलमल्याली."

दुपारी मालकाच्या बाईने ताट आणून दिलं. चांगली बाई, हसून काहीतरी म्हणाली. ताटात तेच मटण होतं. दादाने ताट झाकून ठेवलं आणि आम्ही पाव आणि चीज खाल्लं.

मी त्याच्या पाया पडले. खरंच पडले. म्हटलं, वकिलातीत जाऊ, ते परतीचा कागद देतात, घरी चल. तो ऐकेना. "काय म्हनून येऊ? आबांनी कळप इकला कुनापायी? ह्यातनं आमी सुटावं म्हनून न्हवं? सगळ्या गावानं हार घातलं मला. आन् आता जाऊन सांगू, इमानात बसून मेंढरं राखाया गेलतो म्हनून?"

"आबा काही म्हणणार नाहीत."

"म्हननार न्हाईत. म्हनूनच न्हाई येत."

शेवटी त्याने मला बिरोबाची शपथ घातली. घरी सांगायचं, बिरू हॉटेलात आहे, मजेत आहे. मग त्याने तोंड धुतलं, धुतलेला शर्ट घातला, आणि पांढऱ्या भिंतीपाशी उभा राहिला. मी घरच्यांसाठी फोटो काढला.

सोमवारी मी एकटीच भारतीय वकिलातीच्या दारात जाऊन उभी राहिले. ईस्टरची सुट्टी. मंगळवारी उघडेल, अशी पाटी. मंगळवारी सकाळी माझी क्लायंटबरोबर मीटिंग होती. मी थांबू शकले असते. मॅनेजरला फोन करून सांगू शकले असते, माझा भाऊ सापडलाय, मला दोन दिवस हवेत. एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. विमानात बसले, आणि मंगळवारी दहा वाजता मीटिंगमध्ये स्लाइड्स दाखवल्या.

घरी मी ठरलं तसं सांगितलं. आईने फक्त विचारलं, "जेवतो का येळेवर?" फोटो पोस्टाने पाठवला. आईने तो वस्तीवर सगळ्यांना दाखवला, हे तुम्हाला आठवत असेल.

महिन्याभराने आबांचा फोन आला. आई रानात गेलेली बघून केला होता.

"लक्षे, खरं सांग. त्यो मेंढरं राखतोय ना?"

मी विचारलं, आबा, कशावरून?

"उभं ऱ्हान्यावरनं. हातात काय न्हाई, पर दोन्ही हात काठीवर ठिवल्यागत हायती. मी जलमभर तसाच हुबा ऱ्हायलो." मग म्हणाले, "त्याला म्हनावं, मेंढरं इकली ती चूक झाली माजी. कळप गेल्यापास्नं मलाबी कुठं करमलं न्हाई. त्यात लाज कसली? म्हनावं, आबा वाट बघतोय. येवढं सांग त्याला."

मी रजा काढली, आणि या वेळी मॅनेजरला खरं कारण सांगितलं. पत्र्याच्या खोलीत दुसराच माणूस होता, कुठल्या तरी थंड देशातला, दादाचेच रबरी बूट घालून. मालकाने हात हवेत उडवून दाखवलं. गेला. सरदारजी म्हणाला, पोलिस चौकशीला आले होते, त्या भीतीने उत्तरेकडे गेला असेल. फोनच्या दुकानात मी चिठ्ठी ठेवली. पुढच्या ईस्टरलाही गेले, चिठ्ठी तिथेच होती.

दोन वर्षांनी आबा गेले. वस्तीवरच्या लोकांनी विचारलं, थोरला का आला नाही? मी म्हटलं, हॉटेलात सीझन आहे.

मी अजून जर्मनीतच आहे. इथलं नागरिकत्व घे म्हणतात, घेत नाही, कारण विचारलं तर सांगता येत नाही. आईला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चल. हायवे रुंद करताना अंगण गेलं, ट्रकच्या आवाजाने भांडी हलतात, तरी ती कासुर्डी सोडत नाही. "त्याला ह्योच पत्ता ठावं हाय," म्हणते. मला पूर्वी घर म्हटलं की आमची माणसं, विहीर, रान असं सगळं आठवायचं. आता घर म्हणजे एवढंच राहिलंय, दादाला ठाऊक असलेल्या पत्त्यावर आई बसली आहे.

तिला वाचता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी तिला हे वाचून दाखवेल. फोटोपर्यंत आलात की तिच्याजवळ सरकून बसा. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, तिकडे कुठे मेंढरांमागे आमचा बिरू दिसला, तर त्याला आबांचा निरोप द्या. त्यात लाज कसली, असं म्हणाले होते. वाट बघत होते, असं सांगा. गेले, हे मात्र लगेच सांगू नका. आधी त्याला खाली बसू द्या.