माईंची चूल आणि पुण्याची स्वयंपाकीण

लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात मी एक नेम धरला होता: पानात पडेल त्याला चार महिने नाव ठेवायचं नाही. माझी जीभ जरा चुरूचुरू चालायची. सासरी आल्या आल्या "आमच्याकडे आमटी अशी नसते" असं एकदा बोलून गेले होते आणि नंतर मीच खजील झाले होते. म्हणून देवापुढे पाणी सोडलं.

त्या नेमापायी जे जे घडलं ते सांगायला बसले की थांबणं कठीण. घरातले किस्से म्हणजे भांड्यांची उतरंड. एक ओढलं की सगळी खडखडतात! आता ओढलंच आहे, तर ऐका.

आमचं बिऱ्हाड भोरला, बाजारापासून चार पावलांवर. घरात माणसं मोजकी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या कचेरीतून रिटायर झालेले. नाक तिखट, जीभ त्याहून तिखट. सासूबाईंना सगळे माई म्हणत. मग हे आणि मी. शिवाय वेल्ह्याकडच्या पासलीहून आलेली शेवंता. तिच्या माहेरचा आंबेमोहर आमच्याकडे यायचा, आणि तांदूळ कांडायला, भांडी घासायला ती रोज परसदारी असायची.

माझ्या नेमाची बातमी मामंजींना लागली मात्र, त्यांनी माझी परीक्षाच मांडली. रोज पहिला घास झाला की विचारायचे, "सूनबाई, कशी झालीय आमटी?"

खारट असो, आंबट असो, मी आपली सांगायची, "गरम आहे."

एक दिवस मामंजी मुद्दाम आमटी गार होईपर्यंत थांबले आणि मग विचारलं. मी म्हटलं, "आज शांत आहे."

माईंना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं!

*

त्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं, की माईंना नीट दिसत नाही. डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आला होता. पण त्या कुणाला कळू देत नसत. मिठाची बरणी कुठे, तिखटाचा डबा कुठे, सगळं हाताला पाठ. पातेल्यात पाणी किती ते बाहेरून पळीने टक टक करून ओळखायच्या. भात झाला की नाही, ते झाकणाला कान लावून!

पण तांदळातले खडे काही टक टक करून सापडत नाहीत. एके दिवशी मामंजींच्या दाताखाली असा काही कटकन आवाज झाला, की परसातली शेवंतासुद्धा "आगं बया!" म्हणाली.

मामंजींनी खडा काढून पानाच्या कडेला ठेवला. "मी भात मागितला होता. राजगडाची तटबंदी नव्हे!"

मग जरा थांबून म्हणाले, "हे आता पुष्कळ झालं. हात भाजून घेतेस, खडे शिजवतेस. यापुढे काही बिघडलं तर पुण्याहून स्वयंपाकीण आणतो. तू आपली जपमाळ घेऊन स्वस्थ बस."

बोलणं रागाचं वाटलं, तरी त्यात काळजीच होती. पण माईंचा चेहरा उतरला. दुपारी मला हळूच म्हणाल्या, "जप मी चुलीपुढे बसूनही करते गं. पण जपमाळेला फोडणी देता येत नाही ना!"

त्याच दिवशी शेवंताने आणि मी संगनमत केलं. तांदूळ घरात येण्याआधी ती परसात बसून निवडायची. "वैनी, तुमी काळजीच करू नगा," म्हणायची, "आता एक बी खडा माज्या नजरंतून सुटायचा न्हाई. सुटला, तर म्या सोता खाईन!"

*

खडे थांबले. पण खडे हे एकच संकट थोडंच होतं?

श्रावणात माईंना पडसं झालं. एरवी डोळ्यांचं काम नाक करायचं, आता नाकानेही रजा घेतलेली. त्यात मी न्हाण्यासाठी कुटलेली शिकेकाई डब्यात भरून चुकून फळीवर ठेवलेली, गोड्या मसाल्याच्या शेजारी. तसाच रंग, तसाच डबा!

आमटी पानात वाढली. मामंजी तिच्याकडे बघतच राहिले. "आमटीला फेस कसला?"

मनात म्हटलं, आता पुण्याला पत्र! मामंजींनी भुरका मारला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि सवयीने माझ्याकडे वळले. "बोला सूनबाई. कशी झालीय आमटी?"

नेम तर मोडायचा नव्हता. मी म्हटलं, "केस मऊ होतील."

यांना हसू फुटलं, आणि मामंजींच्या मिशाही हलल्या. मी पटकन सांगून टाकलं, की डबा चुकीच्या जागी मी ठेवला, दोष माझा. खोटं नव्हतंच ते. मामंजी म्हणाले, "ही चूक सुनेच्या नावावर. सासू सुटली!"

*

आमच्याकडे सणाचा स्वयंपाक नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचा नाही. देवाच्या आधी जीभ लावायची कशी? त्यामुळे मीठ अंदाजाने घालायचं आणि हात जोडायचे.

गौरीच्या दिवशी माईंनी कढीत मीठ घातलं. पण मी तेव्हा पाणी आणायला गेलेली. परत आले, बघते तर मिठाची बरणी जागच्या जागी. मला वाटलं, माई विसरल्या. त्यांना विचारलं तर वाईट वाटेल. म्हणून त्यांची पाठ वळल्यावर चिमूटभर सोडलं. चिमूट कसली, चांगली मूठच!

नैवेद्य झाला. पानं वाढली. मामंजींनी कढीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडेनात.

"समुद्र कोकणात असतो," शेवटी म्हणाले, "वरंधा घाट चढून भोरात कधी आला?"

मला देवानेच बुद्धी दिली. मी म्हटलं, "मामंजी, देवाचा प्रसाद आहे हो!"

प्रसादाला नाव ठेवायची तर त्यांचीही प्राज्ञा नव्हती. वाटी संपवली बिचाऱ्यांनी. वर दोन तांबे पाणी प्यायले.

मागून यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "अगं, मी पूजेच्या सोवळ्यात आत आलो होतो ना, तेव्हा वाटलं आई मीठ विसरली असेल, म्हणून मीही थोडं..."

म्हणजे आम्ही दोघंही माईंना वाचवत होतो, आणि दोघांनी मिळून त्यांना पुरतं बुडवत आणलं होतं!

*

लढाईच्या आधी बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी नवी नवी आलेली. यांनी हौसेने एक पातेलं आणलं. हलकं, चकचकीत, कल्हईची कटकट नाही.

माईंनी ते हातात घेतलं, पळीने वाजवलं, पुन्हा वाजवलं. "हे बोलत नाही रे," म्हणाल्या.

आम्ही हसलो. पण दुसऱ्याच दिवशी त्यात दूध तापत ठेवलं, तर सगळं उतू गेलं! पितळेच्या पातेल्यात दूध वर यायच्या आधी एक बारीक सूर निघतो, माई त्यावर उठायच्या. या पातेल्याने हूं की चूं केलं नाही.

राखेत कालवलेलं दूध पुसता पुसता शेवंता म्हणाली, "माई, ह्ये भांडं न्हाई, मुकं जनावर हाय. आग लागली तरी सांगायचं न्हाई!"

ते पातेलं मग मामंजींच्या दाढीच्या पाण्याला दिलं. मामंजी कुरकुरले, "घरातलं एकमेव मुकं भांडं माझ्याच वाट्याला का?"

माई आतून म्हणाल्या, "जोडीत एकाने तरी गप्प असावं!"

*

एका पावसाळ्यात मामंजींना ताप भरला. आठ दिवस तोंडाला चव नाही. पेज नको, लापशी नको. नवव्या दिवशी हळूच म्हणाले, "मऊ भात खाईन म्हणतो."

माईंनी आंबेमोहर धुतला आणि जाड बुडाच्या पितळी पातेलीत निखाऱ्यावर ठेवला. सगळं घर त्या वासाने भरून गेलं. वर मेतकूट, तूप, आणि लिंबाच्या लोणच्याचा खार. मामंजींनी पहिला घास घेतला आणि पुटपुटले, "असा भात पुण्याच्या कुठल्या बाईला जमायचा नाही."

मी आनंदाने माईंकडे धावले. पण बरे झाल्यावर आठवण करून दिली, तर मामंजी साफ कानांवर हात ठेवून मोकळे! "तापात माणूस काय वाटेल ते बरळतो."

माईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी भाजी, पोळी, कोशिंबीर केली आणि मामंजींच्या पानात फक्त मऊ भात वाढला.

"हे काय? मी बरा झालोय!"

"वाटत नाही," माई म्हणाल्या. "काल म्हणालात ते अजून बरळणंच वाटलं मला."

मामंजींनी मुकाट्याने तो भात खाल्ला. दोनदा मागून घेतला!

*

आता शेवटचं.

माझ्या नणंदेचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, पुण्याहून यायचे होते. मामंजींनी त्यांना एक स्वयंपाकीण बघून ठेवायला सांगितलं होतं, आणि त्यांनी बघितलीही होती. व्याह्यांचा निरोप आला: बाई चांगली आहे, तुम्ही होय म्हणा, सोमवारच्या मोटारीने कापूरहोळच्या फाट्यापर्यंत पाठवतो, तिथून तुम्ही घेऊन जा.

व्याही यायच्या दिवशी सकाळी मामंजींनी माईंना सांगितलं, "आजच्या पुरणपोळ्या नीट झाल्या तर बघू. नाहीतर सोमवारी बाई येईल."

माई नुसता बिडाचा तवा घासत राहिल्या. घासलेलाच होता तो.

पुरण वाटणं, पोळी लाटणं, यात माईंचा हात कुणी धरला नसता. पण तव्यावरच्या पोळीचा रंग? तो दिसल्याशिवाय कळावा कसा? आणि व्याही माजघरात पाटावर बसलेले, "माई, उलटा" असं ओरडायची सोय नाही.

मग मी एक युक्ती काढली. मी शेजारी तूप सोडायला बसणार. पोळी उलटायची झाली की म्हणायचं, "श्रीराम." उतरवायची झाली की, "जय राम." देवाचं नाव घेतलं तर कुणाला संशय यायचा?

झालं सुरू. श्रीराम, जय राम. श्रीराम, जय राम. पोळ्या पानात जाऊ लागल्या. माजघरात व्याही म्हणाले, "वा! तुमच्याकडे चुलीपुढेसुद्धा केवढं नामस्मरण!"

मामंजी म्हणाले, "हूं."

पण तिसरी पोळी करपली. चांगला रुपयाएवढा काळा डाग! बदलायला वेळ नव्हता, पान रिकामं होतं. मी डाग खाली करून ती मामंजींच्या पानात वाढली आणि मनातल्या मनात खरोखरच रामाचा धावा केला. मामंजींनी पोळी उचलली, खालून बघितली, परत ठेवली. वर तुपाची धार धरली आणि खाऊन टाकली.

निघताना व्याह्यांनी विचारलं, "मग बाईला पाठवू ना?"

"कळवतो," मामंजी म्हणाले.

त्या 'कळवतो'ने माझा जीव टांगणीला लागला. आत येऊन मी माईंच्या पाया पडले. "माई, माझंच चुकलं हो. तिसरीला मी 'जय राम' उशिरा म्हटलं."

माई हसल्या. "अगं, तुझा जय राम पहिल्यापासूनच उशिरा येत होता. मी आपली वासावर उतरवत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

"मग तिसरी कशी करपली?"

"त्या एका वेळी तुझ्यावर विश्वास ठेवला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण उरलं होतं. मी तुळशीला पाणी घालायला मागे गेले, आणि माई एकट्याच चुलीपुढे बसल्या. मागच्या दारातून मला दोघंही दिसत होते. आत माई, आणि पलीकडे माजघरात मामंजी. समोर कोरा कागद, हातात टाक. पुण्याला कळवायचं होतं ना!

पोळीचा खमंग वास सुटला. मामंजींच्या नाकपुड्या हलल्या. टाक खाली ठेवला, भिंतीकडे बघितलं, आणि आयुष्यात कधी देवाचं नाव मोठ्याने न घेतलेला तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "श्रीराम!"

माईंचा हात उलथन्यावर थबकला. मग त्यांनी पोळी उलटली.

शेवंता भांडी घासायची थांबली. मीही तांब्या तसाच धरून उभी.

"जय राम!"

पोळी उतरली. सोन्यासारखी!

माईंनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "यांचा राम वेळेवर येतो हो."

तुमच्याही घरात कुणीतरी चुलीपुढे बसलेलं असेलच. उद्या वास सुटला की माजघरातून एकदा तसं म्हणून बघा. फक्त जरा वेळेवर म्हणा.