भाईदासचे फिरोजी हात

भाईदास पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचा रंगारी. खानदेशातून आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता केस पिकलेत. बावीस वर्षं त्याने पॉलिस्टर रंगवलं. तो रंग बरा असतो बिचारा. कापडात आत जाऊन बसतो, हाताशी त्याचं देणंघेणं नाही. दोन-चार दिवस साबण लावला की चालता होतो. औंदा मात्र शेठने त्याला सुती कापडाच्या मशीनवर घातलं. हा रंग निराळ्या जातीचा. तो धाग्याला नुसता चिकटत नाही, धाग्याशी गाठ मारतो, आणि कातडं सापडलं तर कातड्याशीही. मिलचे हातमोजे आठवड्यात फाटायचे. भाईदासचे हात मनगटापर्यंत फिरोजी झाले.

एरवी त्याचं काही अडलं नसतं. पण लेकीच्या, चंचलच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आत्याने त्याच्या हातचा पेढा घेतला नाही. "हात तरी धुऊन यायचं," म्हणाली, तेही चारचौघांत. त्या दिवसापासून याचा एकच धोशा, कन्यादानाला हात स्वच्छ पाहिजेत. बायको रुक्मिणी म्हणाली, "अहो, कामाचे हात आहेत, चोरीचे नाहीत." ऐकेल तर शपथ.

लाल-काळा रंग असता तर हायड्रोने, म्हणजे रंग उडवायच्या पांढऱ्या पुडीने, गेला असता. मिलमध्ये सगळे तसेच हात धुतात. फिरोजी तिलाही दाद देईना. लग्न दोन दिवसांवर आलं. मग बिघडलेल्या ताग्याचा रंग उतरवायला तो जे करायचा, तेच त्याने हातांना केलं. बादलीत गरम पाणी, हायड्रो, वर कॉस्टिक सोडा. आणि हात बुडवले.

काय म्हणावं या शहाण्याला. सुताला कॉस्टिक पचतं, लोकर त्यात विरघळते आणि माणसाचं कातडं लोकरीच्या जातीचं, हे नव्या पोरांना शिकवणारा हाच. आधी बोटं नुसती बुळबुळीत लागली. त्याला वाटलं, रंग सुटतोय. सुटत होतं ते कातडं.

"हाई काय करं, आबा?" चंचल त्याचे हात बघून रडायला लागली.

मंडपात दोन्ही हातांना पट्ट्या. ओंजळ होईना, पाणी सोडता येईना. शेवटी धाकटा भाऊ योगेश आणि त्याची बायको पाटावर बसले. लेकीचा हात योगेशच्या हातातून नवऱ्या मुलाच्या हातात गेला आणि भाईदास खुर्चीवरून बघत राहिला. त्याला डोळेही पुसता येईनात, रुक्मिणीने पदराने पुसले.

महिन्याने पट्ट्या निघाल्या. खालून नवं कातडं आलं होतं, गुलाबी, निळा ठिपकासुद्धा नाही. चंचल पहिल्या माहेरपणाला आली, सोडायला तीच आत्या आली होती. भाईदासने दोन्ही हातांनी पेढ्यांचं ताट पुढे केलं. आत्या चंचलशी बोलत होती. बोलता बोलता तिने पेढा उचलला. हातांकडे तिने पाहिलंही नाही.