बुटातली ट्यूब

आमच्या मोहने गावात बातमी होती की सुदेशकाकाचं बाहेर काहीतरी चालू आहे. “पन्नाशीचा माणूस सकाळी सकाळी तोंडाला क्रीम चोळतो, ते काय मीटर बघायला?” हे शेजारच्या विमलाबाईंचं, नाकातून; त्यांची नक्कल मला हुबेहूब जमते.

खरं तर ते मीटर बघायलाच होतं. दारोदार विजेचे मीटर बघत उन्हात फिरून चेहरा काळवंडला, म्हणून काकाने कुणीतरी सांगितलेली गोरं करणारी ट्यूब वर्षभर लावली. थांबवली की चेहरा पेटायचा. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी तीनच गोष्टी दिल्या: साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. “जुनी पुन्हा लावलीत, तर सगळं पहिल्यापासून.” काका विसरभोळा, म्हणून सनस्क्रीन तो बुटातच ठेवायचा. ती काढल्याशिवाय पाय आत जायचा नाही.

महिन्याभरात त्याच्या मुलीचा, रुचिताचा साखरपुडा आला, आणि त्याच सकाळी गाल लालभडक. जुनी ट्यूब कपाटात होतीच. ती लावली की तासाभरात लाली उतरते, हे त्याला पाठ होतं.

“आजच्या दिवस लावा,” काकी म्हणाली. “फोटो जन्मभर राहतात.”

काकाने टोपण उघडलं. खाली पाहुण्यांची गाडी थांबली. तो आरशात बघत राहिला, मग ट्यूब कचऱ्यात टाकून दाराशी गेला आणि नव्या कोऱ्या बुटात हात घातला. सनस्क्रीन तिथेही होती.

काका आज जुनीच ट्यूब लावणार, अशी माझी त्याच्याशी पैज होती. हरले, तर दिवसभर कुणाची नक्कल करायची नाही.

विमलाबाई त्या दिवशी पाहुण्यांशी तीन तास बोलल्या.