मिठाच्या राणीची लेक

आमच्या घरात तिला 'भोंगा' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. फोन उचलला की तीच सांगते, "बोला, भोंगा बोलतेय." ही माझी धाकटी जाऊ. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, ती आमच्या बरोब्बर खाली. खाली तिने कुणाला "बस जरा" म्हटलं की वर माझा नवरा खुर्ची ओढून बसतो, अशी आमच्याकडे जुनी थट्टा आहे.

लग्नाआधी ती एका मोठ्या कापड दुकानात नोकरीला होती. काम विकायचं नव्हतं, बोलायचं होतं. जिन्याखालच्या कोंदट खोलीत माइकसमोर बसून ती सांगायची, "निळा सदरा घातलेला लहान मुलगा काउंटरपाशी रडतो आहे, त्याच्या आईने कृपया यावे." ती म्हणते, आई तर धावत यायचीच, पण ज्यांची मुलं हरवली नव्हती अशा बायकाही यायच्या. हे ती दर वेळी हसत सांगते आणि दर वेळी मला त्यात फुशारकी दिसते. असेलही खरं. पडद्याचं कापड घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाचा डबिंगचा स्टुडिओ निघाला आणि तिचं नशीब उघडलं.

सुरुवातीला तिला गर्दीतली बाई करायला मिळे. परदेशी मालिकेत गाव जळतंय, बायका किंचाळतायत. जहाज बुडतंय, बायका किंचाळतायत. कित्येक महिने ती नुसती मरत होती. सराव न्हाणीघरात चाले. शेजारचे घाबरून दार वाजवून गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मरायचंच असेल तर खिडकी लावून मर." मग ती नर्स झाली, चेटकीण झाली, एकदा बोलकी घोडीसुद्धा झाली. आणि मग तिला मिठाची राणी मिळाली.

मालिका अशी, की दोन खानदानी घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. एकाकडे मिठाचे डोंगर, दुसऱ्याकडे लोखंडाच्या खाणी. मिठाच्या घराण्यातल्या बायका रडल्या की डोळ्यांतून खडे पडतात. त्या खड्यांनी जखमा भरतात की माणसं मरतात, ते मला अजून नीट कळलेलं नाही. दोन्ही होत असावं. आपल्या भाषेत ही राणी बोलते ती माझ्या जावेच्या आवाजात. भाजीवाला तिला "राणीसाहेब" म्हणतो आणि दोन टोमॅटो वर घालतो. मी त्याच्याकडे तिच्या आधीपासून जाते. मला कधी अर्धाही घातलेला नाही.

टोमॅटोचं काही नाही. प्रश्न माझ्या लेकीचा होता.

शाळेतून आली की ती दप्तरासकट खालच्या मजल्यावर थांबायची. वर यायची तेव्हा आवाज बदललेला असायचा. दूध पुढे केलं तर मान ताठ करून म्हणायची, "आमच्या घराण्यात शत्रूच्या हातचं पीत नाहीत." मी साहित्यात पदवी घेतली आहे. ती मांडीवर होती तेव्हापासून तिला गोष्टी वाचून दाखवल्या, वाघाला वाघाचा आणि उंदराला उंदराचा आवाज काढून. मी वाचायला लागले की ती झोपायची. खाली मात्र टक्क जागी व्हायची. बरं, जावेला स्वतःचे दोन मुलगे आहेत, चांगले दांडगे. मग माझी एकुलती एक हिला कशाला हवी?

अशातच राणीच्या मुलीला आवाज देणाऱ्या पोरीला गालगुंड झालं. भाग दोन दिवसांत द्यायचा होता. जाऊ धापा टाकत वर आली.

"वहिनी, आपली छकुली करेल. मी सांगून आलेय तिकडे."

"सांगून आलीस? मला विचारायच्या आधी?"

"विचारतेय की आता."

"तिथे एसी असतो ना? हिचा घसा लगेच धरतो. गार पाणी देतात का?"

"कोमट देतील. शाल देतील. म्हणाल तर गादी घालतील."

नाही म्हणायला माझ्याकडे कारणं भरपूर होती. पण लेक दाराआडून माझ्याकडे अशी बघत होती, की मी एवढंच म्हणाले, "मी सोबत येणार. आणि शेवटपर्यंत तिथेच बसणार."

स्टुडिओ म्हणजे एका गाळ्यामागची दोन खोल्यांची जागा. आतल्या खोलीत माइक, पडदा आणि भिंतींना जाड फोम. बाहेरच्या खोलीत यंत्रं, दिग्दर्शक आणि आता मी. मध्ये काच. आतलं बोलणं बाहेर हेडफोनमधून ऐकू येतं. एरवी ही मंडळी एकेकटी येऊन आपापली वाक्यं बोलून जातात. राणी सोमवारी रडते आणि तिची मुलगी गुरुवारी. जावेने मात्र हट्ट धरला, की पोर नवी आहे, आम्ही दोघी एकाच माइकवर उभ्या राहू.

प्रसंग तहाचा होता. तहाची अट म्हणून मिठाच्या राणीने आपली मुलगी लोखंडाच्या घराण्याकडे ओलीस द्यायची. पुलावर गाडी उभी आहे. मुलगी गाडीकडे चालत जाते, मध्येच थांबते आणि "आई!" अशी एकच हाक मारते. राणी वळून बघत नाही. नुसती म्हणते, "रड. त्यांच्या लोखंडावर रड. मिठाने लोखंड गंजतं."

बाकीची वाक्यं लेकीने भराभर उरकली. दिग्दर्शक मान डोलवत होता. त्या हाकेपाशी मात्र गाडं अडलं. ती "आई" म्हणायची, पण शाळेत हजेरी दिल्यासारखी. परत. परत. तीच हजेरी.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. डोक्यात कितीही मीठ शिरलं तरी काकूला आई म्हणताना पोरीची जीभ अडत होती. मी तिचा डबा उघडून खजूर काढून ठेवले. आता जमत नाही म्हणतील, घरी जाऊ.

तेवढ्यात जावेने तिच्यासमोर गुडघे टेकले. तिचे दोन्ही खांदे धरले आणि काहीतरी कुजबुजली. मग उठून तिच्याकडे पाठ करून माइकपाशी उभी राहिली. पडद्यावरची मुलगी थांबली आणि माझ्या कानात हाक आली.

"काकू!"

मी हेडफोन घट्ट धरला. ती हाक पोटातून आली होती. तिच्यात हात पसरलेले होते. माझी लेक हरवली असती, तर याच आवाजात ओरडली असती. फक्त शब्द माझा नव्हता.

दिग्दर्शक कपाळावर हात मारून हसायला लागला. "हाक शंभर नंबरी आहे हो! पण राणीची पोरगी काकूला कशी बोलावेल? काकू अख्ख्या मालिकेत नाहीये."

आत लेक ओशाळली होती आणि जाऊ तिला पोटाशी धरून खदखदत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचंच होतं, असं मी धरून चालले. मी बराच वेळ डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसेना.

जावेने काचेवर टकटक केलं. "वहिनी, तुम्ही या आत. तुम्हालाच हाक मारू दे तिला."

उपकार केल्यासारखी बाजूला झाली. मी तिच्या जागी उभी राहिले. आत हवा अडकल्यासारखी होती. स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटत होता. वर लाल दिवा लागला. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई."

टॉवेल द्यायला न्हाणीघरातून बोलावते ना, तशी.

"परत एकदा, बाळा," स्पीकरवरून आवाज आला. परत टॉवेल.

"अगं, जीव लावून मार ना हाक," मी म्हणाले.

"कशाला?" लेक खरंच गोंधळली होती. "तू इथेच तर आहेस."

जावेने ओठ दाबून धरले होते. हसू असेल किंवा दुसरं काही.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू जा ना."

"कुठे?"

"बाहेर. लांब. मला दिसू नकोस. मग जमेल."

जाऊ लगेच म्हणाली, "नको गं, असू दे त्यांना." तिने असं म्हटल्यामुळेच मी निघाले. एक जड दार, मग दुसरं. मी मागे वळून पाहिलं नाही. त्या राणीसारखं अंगात बळ होतं म्हणून नव्हे. चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. हेडफोन यंत्राच्या खोलीत राहिला. बाहेर बोळात फक्त दारावरचा लाल दिवा दिसत होता आणि त्या भिंतींतून मुंगीचाही आवाज येत नाही.

दिवा विझला. जरा वेळाने दोघी बाहेर आल्या. लेक घामेजलेली, जावेचा घसा बसलेला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," जाऊ म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "वहिनी, काय हाक मारली हो तुमच्यामागे. मला माझं वाक्यच सुचेना."

माझ्यामागे मारलेली हाक, आणि ऐकली तिने.

मी ती ऐकली भाग लागला तेव्हा, तिच्याच घरी, सगळ्यांबरोबर. सासूबाईंनी डोळे पुसले. हाक संपली, राणी बोलली आणि सगळ्यांच्या माना जावेकडे वळल्या. लेकसुद्धा तिच्याच मांडीला टेकून बसली होती. "कशी वाटली?" जावेने विचारलं. "टीव्हीचा आवाज जरा जास्त होता," मी म्हणाले.

काल दुपारी ती वर आली. बेल न वाजवता आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि चक्क हळू आवाजात बोलायला लागली.

"छकुलीलाच कायम केलंय त्यांनी. पण पुढचे सगळे भाग राणीची पोरगी लोखंडाच्या राणीकडे आहे. माझा तिच्याशी एक प्रसंग नाही. आणि तिने त्या राणीला 'आईसाहेब' म्हणायचंय."

"मग?"

"त्या राणीला आवाज कोण देते माहितेय? ती बाई. पत्र्यावर चमचा घासावा तसा आवाज." ती चमचाच घेऊन ओट्यावर घासायला लागली. "वहिनी, तुम्ही नाही म्हणून कळवा. घसा धरतो म्हणा, शाळा बुडते म्हणा. तुमचं ऐकतील."

तिचा तो उतरलेला चेहरा मी नीट बघून घेतला. चहात साखर घातली, ढवळली, सावकाश गाळला.

"काम आहे ते," मी म्हणाले. "आपण कशाला मध्ये पडायचं?"

तिने कप घेतला, पण प्यायली नाही. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मुलांशी कशी आहे ती बाई?"

"तेच तर," जाऊ म्हणाली. "मुलं जीव टाकतात मेलीवर. घरीसुद्धा नेते त्यांना."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"परीक्षा आहे म्हणून कळवून टाक," मी म्हणाले. "तूच कळव. तुझा आवाज चांगला आहे."

"परीक्षा नाहीये!" आतल्या खोलीतून लेक ओरडली. "आणि स्टुडिओतल्या सरांना मी हो म्हणून सांगितलंय!"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग आतून दबक्या आवाजात सराव सुरू झाला. आईसाहेब. आईसाहेब. पहिल्या दोन वेळा हजेरीसारखं. तिसऱ्या वेळी नाही.